घाट, गाडी आणि रविवार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना समुद्राचा वीतभरही किनारा नाही. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये या मुलखाची नव्याने वाटणी होऊन उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. नावे बदलली, हद्दी बदलल्या; पश्चिमेची सह्याद्रीची भिंत मात्र होती तिथेच राहिली. महाबळेश्वरच्या माथ्यावर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली, तर दूर समुद्राची रेघ दिसते. इतक्या जवळ समुद्र असूनही कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या अशा होऊन गेल्या की, त्यांनी तो कधी पाहिला नाही. आमची आजी त्यांपैकीच एक. श्रावणात दोन्ही थड्या भरून वाहणारी कृष्णा हाच तिचा समुद्र.

वसंतातल्या व्याख्यानाला विषय थोडा हलका असावा, अशी संयोजकांची इच्छा होती. एस.टी.ने केलेल्या सहली, घाटातली वळणे, कोकणचा किनारा यांवर काही सांगा, असे त्यांनी सुचविले आणि आम्ही ते आनंदाने मान्य केले. परंतु कामगार संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला सहलीचा विषय दिला, तरी तो त्यात कामाचे तास शोधणारच. ही खोड आता या वयात जायची नाही. श्रोत्यांनी ती पत्करून घ्यावी.

सहल हा शब्द आपल्याकडे शाळा-कॉलेजांनी रूढ केला. त्याआधी आपली माणसे प्रवास करीत नव्हती असे मुळीच नाही. लग्नाला जात, बाजाराला जात, आणि सर्वांत जास्त देवाला जात. पालीचा खंडोबा, शिखर शिंगणापूर, औदुंबर, नरसोबाची वाडी. बैलगाडीला बाज बांधून, खाली गवत पसरून, दशम्या आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून कुटुंबेच्या कुटुंबे निघत. देव हे कारण खरे, पण नदीकाठी एक रात्र उघड्यावर झोपण्यातला, जत्रेत बांगड्या भरण्यातला आनंद हाही खराच. देवाच्या नावाखेरीज सासुरवाशिणीला घराबाहेर पडायची सवड कोण देणार होते? महाबळेश्वराला इंग्रजांनी शोधून काढले असे अजूनही कुठे कुठे लिहिलेले आढळते. कृष्णेच्या उगमाशी स्नानाला जाणारी माणसे त्यांच्या कितीतरी आधीपासून तो डोंगर चढत होती.

इंग्रजांनी केले ते एवढेच की, देवाचे कारण काढून टाकले आणि नुसत्या हवेसाठी डोंगर चढायचा प्रघात पाडला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास तिथे हवा खाण्याचे ठाणे वसविले. जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यातली. तिच्या बदल्यात त्यांना खंडाळा गाव देण्यात आले. त्या ठाण्यावर चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. साहेबांच्या घोड्यांसाठी आणि मडमांच्या मेण्यांसाठी जे रस्ते झाले, त्यांवर या कैद्यांनी खडी फोडली. आज मुंबई पॉइंटकडे मोटारीतून जाताना आपण दरीकडे पाहतो. रस्त्याकडे पाहायची आठवण कोणाला होत नाही. समुद्रापलीकडच्या देशांतून बेड्या घालून आणलेली ती माणसे इथेच राबली.

पुढे महाडकडे उतरणारा घाट १८७६ मध्ये खुला झाला. त्याला एका गव्हर्नरच्या नावावरून फिट्झगेराल्ड घाट म्हणत. आपण आंबेनळी म्हणतो. पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर मुंबई-पुण्याची प्रतिष्ठित मंडळी वाठार स्टेशनवर उतरत आणि टांग्याने वाईमार्गे पसरणी घाट चढून पांचगणी-महाबळेश्वरला जात. टांग्याचे घोडे वाटेत बदलावे लागत. एवढा खर्च ज्याच्या खिशाला झेपे, त्यालाच ती हवा मिळे. पसरणीच्या पायथ्याचा शेतकरी रोज त्या घाटाकडे पाही. पण त्याचे वर जाणे डोक्यावर भाजीची पाटी असेल तेव्हाच.

कुंभार्ली घाटाचा इतिहास निराळा. तो साहेबाच्या हवेसाठी नव्हे, पोटासाठी वाहता राहिला. रेल्वे येण्यापूर्वी कऱ्हाडकडचा माल पाटणवरून कुंभार्ली उतरून चिपळूणच्या बंदरात जाई, आणि परतीच्या गाड्यांतून मीठ, नारळ, सुकी मासळी देशावर चढे. म्हणजे आमच्या आजीने समुद्र पाहिला नाही तरी समुद्राचे मीठ तिच्या भाकरीत होते. रस्ता होता, वर्दळ होती, गाडीवान दर आठवड्याला खाडीचे पाणी पाहत होता. मात्र नुसते पाहण्यासाठी जायचे, हा विचार कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: एक मोकळा दिवस, परवडणारे वाहन, आणि ते वाहन ठरल्या वेळेला परत आणील याचा भरवसा.

मोकळा दिवस आधी मिळाला, आणि तो भांडून मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली. आठवड्यातून एक दिवस सुटी द्या, ही मागणी त्यांनी लावून धरली. सुटी रविवारीच का, याला त्यांचे एक उत्तर मोठे मार्मिक होते: रविवार हा खंडोबाचा वार. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या गिरण्यांत सातारा जिल्ह्यातले आमचे बापजादे फार मोठ्या संख्येने होते. आज रविवारी सकाळी आपण डबा भरून कासच्या पठारावर जायला निघतो, तेव्हा हा वार पंचांगातून आला नाही, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. शेतमजुराला आणि हमालाला मात्र तो तेव्हा मिळाला नाहीच. माथाडी-हमालांसाठीचा कायदा व्हायला १९६९ साल उजाडले, आणि त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातले, म्हणजे कुंभार्लीच्याच वाटेवरचे.

वाहनाची गोष्ट त्याहून उशिराची. मोटारी आल्या त्या खाजगी मालकांच्या. जुनी माणसे त्यांना सर्व्हिस मोटार म्हणत. गाडी केव्हा सुटणार? भरली म्हणजे. किती भरली म्हणजे भरली? मालक म्हणेल तेव्हा. टपावर माणसे, मागच्या शिडीला माणसे, आणि शेवटच्या गावाचे उतारू कमी असले तर गाडी अलीकडेच थांबणार. अशा गाडीने माणूस दवाखान्यात जाईल, कोर्टात जाईल. बायकापोरांना घेऊन सहज कुठे जाऊन येऊ, असे म्हणणार नाही.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सरकारी राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बांध्याची बेडफोर्ड गाडी, काथ्याच्या गाद्या. उद्‌घाटने करणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात, हे आपण नेहमी पाहतो. इथे चालक-वाहकांची नावे राहिली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पुढच्या वर्षी मुंबई राज्यात महामंडळ स्थापन झाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ मध्ये ते आजच्या नावाने उभे राहिले.

एस.टी.ने नवे काय आणले? वेळापत्रक. फलाटावरच्या पाटीवर लिहिलेली वेळ ही सरकारने गरिबाला दिलेली जबान होती. गाडीत चार माणसे असोत की साठ, डबल बेल झाली की ती सुटणार आणि शेवटच्या गावापर्यंत जाणार. रात्री तिथेच वस्तीला राहून पहाटे पहिल्या उतारूला घेऊन निघणार. सहलीसाठी म्हणून ती कोणी सुरू केली नव्हती. कास-बामणोलीची गाडी दूध, शाळेची पोरे आणि आजारी माणसे यांच्यासाठी धावे. सज्जनगडची भक्तांसाठी, ठोसेघरची तिथल्या गावकऱ्यांसाठी. पण त्याच गाडीच्या खिडकीशी बसून साताऱ्याच्या पेठेतला शिंपी किंवा छापखान्यातला जुळारी पोरांना डोंगर दाखवून संध्याकाळी घरी येऊ लागला. गावाच्या गरजेची गाडी हीच गरिबाची सहलीची गाडी झाली. आमचे आज सांगणे आहे ते एवढेच. नुसत्या सहलीच्या म्हणून ज्या गाड्या निघतात त्या नफा असेल तोवर निघतात. वस्तीची गाडी रोज जाते, म्हणून तिच्यातून एखाद्या रविवारी आपल्यालाही जाता येते.

पुढे मंडळाने सहलीसाठीही पुष्कळ केले, ते नाकारायचे नाही. लग्नाला किंवा सहलीला अख्खी गाडी भाड्याने देण्याचा प्रासंगिक करार, शाळांच्या सहलींना सवलत, १९८८ पासून ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास, महाबळेश्वर आगारातून सुटणाऱ्या महाबळेश्वर-दर्शन आणि प्रतापगड-दर्शनाच्या गाड्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. या शेवटच्या सवलतीवर पुष्कळ विनोद झाले. बायका उगाच फिरायला लागल्या, असे म्हणणारे लोक आम्ही स्टँडवर ऐकले. उगाच फिरणे हे आजवर पुरुषांनाच परवडत होते, एवढेच त्यावर म्हणावेसे वाटते.

आता खिडकीतून काय दिसते, याविषयीही थोडे. कऱ्हाडहून चिपळूणला जाणाऱ्या वाटेवर कोयनानगर लागते. पर्यटक तिथे उतरून धरणाकडे पाहतात; बामणोली आणि तापोळ्याला नावेत बसून शिवसागराचे निळे पाणी पाहतात. पाणी सुंदर आहे यात शंका नाही. पण त्या पाण्याखाली जावळी आणि पाटणची गावे आहेत, आणि तिथली माणसे चुलीचे दगडसुद्धा न उचलता दूर दूरच्या जिल्ह्यांत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच खोऱ्यात भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. नावाडी हे सहसा सांगत नाही, कारण गिऱ्हाईक हवा खायला आलेले असते. आम्ही एकदा विचारले, तेव्हा त्याने वल्हे थांबवून पाण्याकडे बोट केले आणि आपल्या आजोळचे नाव सांगितले. कासच्या पठाराचीही गोष्ट तशीच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारशात गेले आणि माणसांचा लोंढा इतका वाढला की, फुलांच्या हंगामात येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी लागली. शंभर मोटारी आणतात तितकी माणसे मोजक्याच एस.टी. गाड्यांत येतात, आणि एस.टी. फुलांवर उभी करता येत नाही!

घाटातली गाडी हे मोठे कसबाचे काम आहे. ज्या गियरमध्ये चढायचे त्याच गियरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा पहिला धडा. उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतो आणि ऐनवेळी दगा देतो; वेग इंजिनाने आवरायचा असतो. पावसाळ्यात कुंभार्लीला धुके उतरले की समोरचे दहा हात दिसत नाहीत. तेव्हा वळणावर हॉर्न, एक डोळा कड्याकडे आणि एक दरीकडे. डोंगराच्या रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे. नियमांच्या पुस्तकात एवढा न्याय्य नियम आम्हांला दुसरा सापडलेला नाही.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी विद्यापीठाच्या बसने महाबळेश्वरला सहलीसाठी निघाले होते. आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली. एकाखेरीज बसमधली सगळी माणसे गेली. ती कशाने कोसळली याचा निवाडा करणारे आम्ही कोणी नव्हे. शनिवारची सहल होती, कामकरी माणसे होती, एवढेच आमच्या मनात राहिले. आणि त्याच्या दोन वर्षे आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्यांचे चालक-वाहक रात्रपाळीचे होते.

इथे आम्ही कामाच्या तासांवर येतो. मोटार कामगारांचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ही मर्यादा घातली. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यात एक दिवस सुटी ठरविली. (हा कायदा आता संसदेच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे.) पण त्याच कायद्यात एक अपवाद लिहिलेला होता: लांब पल्ल्याच्या मार्गांवर, आणि सणासुदीच्या प्रसंगी, दिवसाला दहा तासांपर्यंत काम घेता येईल. हे कलम आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ तसेच बसून राहिलो. म्हणजे सगळ्या गावाचा सण तो चालकाचा जादा कामाचा दिवस, असे कायद्यानेच म्हटले होते. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार ज्याच्या गाडीमुळे आपल्याला भोगता येतो, त्याला तो मिळत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्याच्या मागण्या, त्याचे नेतृत्व, त्याचा शेवट यांविषयी आमची काही मते आहेत आणि ती सगळी गोड नाहीत. पण त्या महिन्यांत घाटमाथ्यावरच्या गावांतून पायी तालुक्याला येणारी शाळेची मुले पाहिली, तेव्हा या गाडीवर किती जणांचे काय काय अवलंबून आहे, ते पुन्हा एकदा दिसले.

दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या. आता आमची एक सांगतो. बरीच वर्षे झाली. सांगलीच्या हळदबाजारातले हमाल आणि हळद निवडणाऱ्या बायका यांची सहल आम्ही संघटनेच्या वतीने काढली. प्रासंगिक कराराची एक गाडी, आंबा घाटाने गणपतीपुळे, आणि मुक्कामाचा खर्च नको म्हणून त्याच रात्री परत. पहाटे तीनला निघालो. भडंगाचे डबे, गाणी, घाटात दोघी-तिघींना उलट्या, सगळे रीतसर झाले. गाडीतल्या निम्म्याहून अधिक माणसांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पुळ्याच्या वाळूवर उतरल्यावर एक म्हातारी बराच वेळ पाण्याकडे पाहत उभी राहिली आणि मग आम्हांला विचारती झाली, “आन्‌ ह्येचा पल्याडचा काठ कुठं हाय, दादा?” नदीकाठच्या माणसाला पाण्याला दुसरा काठ नसतो हे पटत नाही. तो दिसत नाही, असे सांगितले. तिने बोट बुडवून जिभेला लावले, हसली, आणि देवघरात ठेवायला म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून घेतले.

चालक त्या वेळी गाडीच्या सावलीला पाय पसरून पडला होता. दुपारी जेवायला उठवायला गेलो तर वाहक म्हणाला, “राहू द्या साहेब, काल रात्री उशिरा गाडी लावलीय त्यांनी.” हे आम्ही ऐकले आणि पुढे गेलो. आठ तासांची घोषणा ज्या तोंडाने शेकडो वेळा दिली, त्या तोंडाने आम्ही काही विचारले नाही. सूर्यास्त बघू दे म्हणून बायकांनी हट्ट केला, निघायला सात वाजून गेले. आंबा घाट अर्धा चढल्यावर चालकाने रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली. वाहकाने उतरून चाकाखाली दगड लावले. चालक आम्हांला म्हणाला, “अण्णा, डोळं मिटायला लागल्यात. एक तास झोपतो. रागवायचं नाही.” आणि स्टिअरिंगवर डोके ठेवून तो खरोखरच झोपला. गाडीत कुरकुर सुरू झाली. उद्या पहाटे बाजार आहे, हमाली बुडेल, याला पैसे कशाचे दिले, असेही कोणी बोलले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण आम्हीही घड्याळ पाहिले. मग ती बाटलीवाली म्हातारी मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाली, “निजू द्या की लेकराला. तुमी निजताय न्हवं पोत्यावर, तसंच.” त्यानंतर कोणी बोलले नाही. तासाभराने तो उठला, घागरीतले पाणी तोंडावर मारले, आणि रात्री दोनला आम्ही सांगलीत होतो.

पुढच्या वर्षी वर्गणी वाढवून आम्ही एका रात्रीच्या मुक्कामाची सहल ठरविली आणि चालकाच्या झोपेची जागा माणसांच्या आधी पाहिली. चार-पाच जणांनी वाढीव वर्गणीवरून नावे काढून घेतली, त्यांची समजूत आम्हांला घालता आली नाही. चालक योगायोगाने तोच आला. पहाटे उठून आम्ही किनाऱ्यावर गेलो, तर तो विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. किती वर्षे या बाजूला गाडी आणता, असे विचारले. अकरा, म्हणाला. आणि पाण्यात? तो म्हणाला, “आजच.”